दाब आतला, माप बाहेरून

रुग्णाला खाली बघायला सांगायचं, पण डोळे घट्ट मिटू द्यायचे नाहीत; पापणीचे स्नायू आवळले की त्यांचाच ताठपणा बोटाला लागतो. मधली बोटं कपाळावर टेकवायची, दोन्ही तर्जन्या वरच्या पापणीवर जवळजवळ ठेवायच्या आणि आलटून पालटून हलकेच दाबायच्या. एका बोटाने दाबलं की दुसऱ्या बोटाला डोळ्याचा गोळा किती दबतो आणि किती उसळी घेतो ते कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात काचबिंदूची शंका आली, तर डोळ्याचा दाब असाच पाहिला जाई. लंडनच्या मूरफिल्ड्स रुग्णालयातले विल्यम बोमन या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते होते. १८६२ साली त्यांनी या स्पर्शज्ञानाला खुणा दिल्या. नेहमीचा ताण असलेला डोळा एका बाजूला, आणि त्यापुढे कठीणपणाच्या तीन पायऱ्या. तिसरी पायरी म्हणजे बोटाने जोर लावला तरी खळगा पडत नाही, इतका घट्ट झालेला डोळा. मऊ पडलेल्या डोळ्यांसाठी त्याच पायऱ्या उलट दिशेने.

आज ही पद्धत ओबडधोबड वाटेल, पण तिचं मोल कमी नव्हतं. काचबिंदूत डोळा कठीण होतो हे इंग्लंडच्या रिचर्ड बॅनिस्टर यांनी १६२२ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढची दोनशे वर्षं त्या निरीक्षणाचा फारसा उपयोग कुणी केला नाही. बोमन यांच्या खुणांमुळे एका डॉक्टरने कागदावर लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येऊ लागलं. अडचण एवढीच, की एकाची दुसरी पायरी ही दुसऱ्याची पहिली असू शकत होती. शिवाय डोळा दगडासारखा होतो तो अचानक येणाऱ्या काचबिंदूच्या झटक्यात. असह्य दुखणं, लाल डोळा, उलट्या अशी लक्षणं असताना निदानाला बोटांची फारशी गरजच नसते. खरा धोका दुसऱ्या प्रकारात आहे. तिथे दाब थोडाच वाढलेला असतो, दुखत काहीच नाही, आणि नजर कडेकडेने वर्षानुवर्षं झिजत जाते. इतका थोडा फरक बोटाला कळत नाही.

हा दाब येतो कुठून? डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर. पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, जिथे रंगीत पडद्याला भेटतो त्या कोपऱ्यातल्या जाळीतून तो बाहेर झिरपतो. तयार होणं चालू आणि झिरपणं अडलेलं, अशी स्थिती आली की दाब चढतो. त्याचा मार मागे डोळ्याच्या नसेवर बसतो, आणि त्या नसेचे तंतू एकदा मेले की कुठल्याही औषधाने परत येत नाहीत. म्हणून या आकड्यासाठी इतकी धडपड झाली. नस आणि दृष्टीचं क्षेत्र तपासून नुकसान कळतं. ते थांबवण्यासाठी मात्र आजही वैद्यांच्या हाती मुख्यत्वे हा दाबच असतो.

बर्लिनचे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांनी १८५७ मध्ये काचबिंदूवर बुबुळाचा तुकडा काढण्याची शस्त्रक्रिया जाहीर केली आणि असाध्य मानलेल्या आजाराचे काही रुग्ण वाचू लागले. साहजिकच शस्त्रक्रियेआधी दाब किती होता आणि नंतर किती झाला, हे आकड्यात कळावं असं त्यांना वाटू लागलं. १८६०च्या दशकात त्यांनी आणि इतर काहींनी उपकरणं करून पाहिली. दांडी टेकवायची, ती किती रुतते ते पाहायचं, अशी ती कल्पना. पण पारपटलाला नुसता धुळीचा कण लागला तरी माणूस डोळा मिटून घेतो. जाग्या रुग्णाच्या पारपटलावर धातू टेकवणं शक्यच नव्हतं. मग उपकरण पांढऱ्या भागावर टेकवायचं किंवा पापणीवरून मोजायचं. तिथल्या भिंतीची जाडी प्रत्येकात वेगळी, त्यामुळे आकड्याला भरवसा येईना.

ही कोंडी फोडली ती रसायनाने. १८८४ मध्ये व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांना कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर होतो हे आढळलं. हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या संमेलनाला जाण्याइतके पैसे त्यांच्याकडे नव्हते, म्हणून त्यांचा निबंध दुसऱ्या डॉक्टरांनी वाचून दाखवला. डोळ्याच्या शस्त्रक्रियेचं रूपच त्यानंतर पालटलं, आणि दाब मोजणाऱ्यांना पारपटल मोकळं झालं.

पुढच्याच वर्षी मॉस्कोच्या अलेक्सेई माक्लाकोव्ह यांनी आपलं साधन मांडलं. त्याचा साधेपणा आजही मोह पाडतो. दहा ग्रॅम वजनाचा धातूचा एक छोटा दंडगोल, त्याच्या टोकांना सपाट काचेच्या चकत्या. चकतीवर रंगाचा पातळ थर लावायचा. आडव्या झोपलेल्या रुग्णाच्या बधिर पारपटलावर दंडगोल क्षणभर आपल्याच वजनाने उभा राहू द्यायचा. जेवढा भाग सपाट होऊन चकतीला भिडला, तेवढ्या भागातला रंग डोळ्यावर उतरतो आणि चकतीवर रंगाच्या मधोमध एक रिकामं वर्तुळ उरतं. मग चकती कागदावर ठसवायची आणि वर्तुळाचा व्यास मोजायचा. डोळा मऊ असेल तर वर्तुळ मोठं, कठीण असेल तर लहान. दाबाचा कागदी दाखला रुग्णाच्या नोंदीत चिकटवून ठेवता येई. रशियात हे साधन शतकभराहून जास्त काळ वापरात राहिलं. पश्चिम युरोपने मात्र त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही.

तिथे राज्य केलं ते नॉर्वेच्या ह्याल्मार शिओट्झ यांनी. पॅरिसमध्ये लुई एमिल जाव्हाल यांच्याबरोबर काम करून त्यांनी १८८१ मध्ये पारपटलाचा गोलावा मोजणारं यंत्र घडवलं होतं. दोघांच्या नावाने ते आजही ओळखलं जातं. १९०५ मध्ये त्यांनी दाब मोजणारं टोनोमीटर जगापुढे ठेवलं. पारपटलावर बसेल अशी एक खोलगट टेकणी, तिच्या मधल्या छिद्रातून वरखाली सरकणारी दांडी, दांडीवर ५.५ ग्रॅमचं वजन आणि वर काटा. दांडी पारपटलात एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी रुतली की काटा एक घर सरकतो. दाब जास्त असेल तर दांडी कमी रुतते, म्हणून आकडा जितका लहान, दाब तितका मोठा. काटा तीन घरांच्या खाली राहिला तर ७.५ किंवा १० ग्रॅमचं वजन चढवून पुन्हा मोजायचं. मग डबीतला तक्ता काढायचा: ५.५ ग्रॅमला ४ घरं म्हणजे पाऱ्याचे सुमारे २०.६ मिलिमीटर, ५ घरं म्हणजे सुमारे १७.३.

त्याच डबीत पारपटलाच्या गोलाव्याचा एक धातूचा ठोकळाही असे. त्यावर टेकवल्यावर काटा शून्यावर आला नाही, तर उपकरण दुरुस्तीला पाठवायचं. भारतातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नेत्रवैद्यांचे हात या डबीवर बसले आहेत. वीज नसली तरी चालतं, खिशात मावतं, स्वस्त आहे. म्हणून नेत्रशिबिरांत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी दाब पाहायला हेच टोनोमीटर निघत असे. रुग्ण बाकावर उताणा, भुलीचे थेंब टाकलेले, नजर छतावरच्या एखाद्या खुणेवर खिळवलेली. काटा स्थिर राहत नाही. नाडीबरोबर बारीक थरथरतो, आणि त्या थरथरीच्या मधला आकडा टिपायचा असतो.

पण शिओट्झ यांच्या उपकरणात एक मूलभूत अडचण होती. सगळं उपकरण मिळून साधारण साडेसोळा ग्रॅम वजन पारपटलावर बसतं. तेवढ्या वजनाने आतला द्रव सरकतो, डोळ्याची भिंत ताणते आणि दाब वाढतो. म्हणजे काटा दाखवतो तो उपकरण टेकवल्यानंतरचा दाब; रुग्णाचा खरा दाब गणिताने मागे जाऊन काढायचा. ते गणित भिंत किती ताणते यावर अवलंबून. सायकलची ट्यूब अंगठ्याने दाबून हवा पाहणाऱ्याला हे सहज कळेल: जाड रबराची अर्धवट भरलेली ट्यूबही कधीकधी घट्ट लागते. शिओट्झ स्वतः तक्ते सुधारत राहिले. पुढे बाल्टिमोरच्या जोनास फ्रीडेनवाल्ड यांनी हा प्रश्न हाती घेतला आणि डोळ्याच्या भिंतीच्या ताठपणाला एक गुणांक दिला. १९४८चे आणि नंतर १९५५चे तक्ते त्यांच्याच कामातून आले. मोठ्या नंबरचा चष्मा असलेल्या लघुदृष्टीच्या डोळ्याची भिंत सरासरीपेक्षा सैल असते, म्हणून तिथे शिओट्झचं उपकरण दाब कमी दाखवतं, हेही यातून नीट उमगलं. याचा अर्थ असा, की अर्धं शतक जगभरच्या दवाखान्यांत लिहिला गेलेला आकडा सरासरी भिंतीच्या डोळ्यांपुरता खरा होता. ज्यांची भिंत सरासरीहून वेगळी, त्यांना तो चुकवत होता. जुन्या केसपेपरांतल्या आकड्यांकडे या जाणिवेनेच पाहायला हवं.

मग असं करता येईल का, की मोजताना दाब वाढूच नये? स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स गोल्डमान यांनी हेच ठरवलं. बोहेमियातल्या कोमोटाउ गावचे, १८९९चा जन्म, प्रागला शिकलेले, १९३५ पासून बर्नच्या नेत्रविभागाचे प्रमुख. दृष्टीचं क्षेत्र मोजण्याचं त्यांचं यंत्र १९४५ साली आलं होतं. दाबासाठी ते माक्लाकोव्ह यांच्या सपाट करण्याच्या कल्पनेकडे वळले, पण उलट्या बाजूने. वजन कायम ठेवून वर्तुळ मोजण्याऐवजी वर्तुळ कायम ठेवायचं आणि किती जोर लागतो ते मोजायचं. वर्तुळ लहान असलं की सरकणारा द्रव अवघा अर्धा मायक्रोलिटर, आणि दाबात पडणारा फरक नगण्य.

वर्तुळाचा व्यास किती धरायचा, यात गोल्डमान यांचं खरं कौशल्य दिसतं. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ, हा नियम अतिशय पातळ, कोरड्या आणि लवचीक गोळ्याला लागू पडतो. पारपटल पातळ नाही आणि कोरडंही नाही. त्याचा ताठपणा उपकरणाला मागे रेटतो. अश्रूंचा थर उपकरणाला आपल्याकडे खेचतो. गोल्डमान आणि त्यांचे सहकारी थिओडोर श्मिट यांना आढळलं, की व्यास सुमारे तीन मिलिमीटर असताना हे दोन्ही जोर एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. त्यांनी नेमका ३.०६ मिलिमीटर व्यास घेतला. त्यामागे हिशेबाची सोय होती: या व्यासाच्या वर्तुळावर एक दशांश ग्रॅमचा भार म्हणजे बरोबर पाऱ्याचा एक मिलिमीटर. तक्ता नको. चकतीवर दोन ग्रॅम दिसले की दाब वीस.

१९५४ मध्ये उपकरण आलं, १९५७ मध्ये दोघांचा सविस्तर निबंध. बर्नमध्येच हाग-श्ट्राइट कंपनीने ते घडवलं आणि स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, बसवलं. ज्यांनी काचबिंदूची तपासणी करून घेतली आहे त्यांना ते ओळखीचं असेल: हनुवटी आधारावर, कपाळ पट्टीला, डोळ्यात भुलीचा आणि पिवळ्या फ्लुओरेसिनचा थेंब, आणि समोरून हळूहळू जवळ येणारा निळा उजेड. डॉक्टरला आतून दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर, एक खाली. उपकरणातल्या लोलकाने प्रतिमेचे दोन भाग बरोबर ३.०६ मिलिमीटरने सरकवलेले असतात, त्यामुळे अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना भिडल्या की ठरलेला व्यास गाठला गेलेला असतो. अंतर मोजायचं नाही, अंदाज करायचा नाही; दोन रेषा जुळल्या की नाहीत एवढंच बघायचं. माणसाचा डोळा हे काम फार बारकाईने करतो, आणि गोल्डमान यांनी त्यावरच सगळी भिस्त ठेवली.

आकडे विश्वासाचे होत होते, तोवर त्यांचा अर्थ लावण्याची घाई झाली. १९५८ मध्ये जर्मनीचे वोल्फगांग लायडहेकर आणि सहकाऱ्यांनी दहा हजार लोकांच्या वीस हजार डोळ्यांचे दाब प्रसिद्ध केले, तेही शिओट्झच्या उपकरणाने घेतलेले. सरासरी १५.५. सरासरीत प्रमाण विचलनाची दुप्पट मिळवली की साधारण २१ येतात. तिथून पुढे २१ हा आकडा पाठ्यपुस्तकात जाऊन बसला: खाली निरोगी, वर काचबिंदू. १९६६ मध्ये वेल्समधल्या फर्नडेल या खाणकामगारांच्या वस्तीत हॉलोज आणि ग्रॅहम यांनी घरोघरच्या लोकांना तपासलं. २१च्या वर दाब असूनही नस शाबूत असलेले कितीतरी लोक त्यांना सापडले, आणि २१च्या खाली दाब असताना नजर गमावत असलेलेही सापडले. तरीही २१ या आकड्याचा पगडा आजवर पुरता उतरलेला नाही. संख्याशास्त्रातली एक सोय निदानाची भिंत होऊन बसली, आणि तिच्या चुकीच्या बाजूला असल्यामुळे किती जणांचा काचबिंदू उशिरा कळला असेल, हे मनाला लागतं.

गोल्डमान आणि श्मिट यांनी पारपटलाची जाडी अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन धरली होती. जाडी वेगळी असेल तर आकडा चुकेल हे त्यांनी स्वतः लिहिलं होतं. फक्त इतका फरक क्वचितच असेल अशी त्यांची समजूत होती. ती खोटी ठरली. १९७५ मध्ये डेन्मार्कच्या नील्स एलर्स यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यात सुई घालून खरा दाब मोजला आणि बाहेरून घेतलेल्या दाबाशी ताडून पाहिला. जाडी ५२० मायक्रॉनच्या आसपास असेल तरच दोन्ही जुळत होते. पारपटल जाड, तर आकडा खऱ्याहून मोठा. पातळ, तर लहान.

अमेरिकेत दाब जास्त पण नस निरोगी अशा १,६३६ लोकांचा एक मोठा अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. थेंबांनी दाब उतरवला तर पाच वर्षांत काचबिंदू होणाऱ्यांचं प्रमाण ९.५ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर येतं, ही त्यातली मोठी बातमी. दुसरी बातमी पारपटलाची होती. ज्यांचं पारपटल ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ, त्यांना धोका जाड पारपटलवाल्यांच्या सुमारे तिप्पट. आणि या सगळ्यांची सरासरी जाडी निघाली ५७३ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे 'दाब जास्त' म्हणून निवडलेल्यांपैकी अनेकांचा दाब मुळात फारसा जास्त नव्हताच; जाड पारपटल आकडा फुगवत होतं.

हे आकडे नागपूरशेजारी आणून ठेवले की त्यांचं वजन कळतं. सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांची तपासणी केली. शेतात राबणारी ही माणसं. त्यांच्या पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन, आणि डोळ्यातला सरासरी दाब १३.६. विदर्भातल्या शेतकऱ्याचा दाब १९ आला आणि अमेरिकेतल्या एखाद्याचा २३ आला, तर काळजी कोणाची जास्त करायची, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. जाडी पाहून आकडा दुरुस्त करण्याची सूत्रं अनेकांनी काढली. एकही सर्वमान्य झालं नाही. म्हणून चांगले डॉक्टर जाडी वेगळी मोजतात आणि दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहितात. चष्मा घालवण्यासाठी लेझर करून घेतलेल्यांनी तर हे आवर्जून सांगायला हवं. त्यांचं पारपटल मुद्दाम पातळ केलेलं असतं, आणि टोनोमीटर त्यांचा दाब कमी दाखवतं.

पारपटलाला हात न लावता मोजण्याचीही वाट निघाली. १९७२ मध्ये अमेरिकेचे बर्नार्ड ग्रोलमान यांनी हवेच्या फवाऱ्याचं टोनोमीटर आणलं. काही सहस्रांश सेकंदांचा झोत पारपटल सपाट करतो आणि परतणाऱ्या किरणांवरून यंत्र तो क्षण पकडतं. भूल नको, संसर्गाची भीती कमी. चष्म्याच्या तपासणीला गेलेला माणूस दचकून मागे सरतो तो याच झोताने. मात्र तो क्षण नाडीच्या ठोक्याच्या कुठल्या टप्प्यावर येईल हे यंत्राच्या हाती नसतं, म्हणून तीन-चार झोतांची सरासरी घ्यावी लागते. फिनलंडच्या आंत्ती कोंटिओला यांनी एक बारीक सळई पारपटलावर टेकून उसळी घेताना तिचा वेग मोजण्याची पद्धत काढली. तीही भुलीशिवाय, त्यामुळे लहान मुलांना तपासणं सोपं झालं. आज रुग्ण घरी बसून स्वतःच दाब मोजू शकेल असं तिचं रूप मिळतं.

हाताची चूक मात्र प्रत्येक यंत्राबरोबर येते. फ्लुओरेसिन जास्त झालं की हिरवी वर्तुळं जाड दिसतात आणि दाब फुगतो. रुग्णाने श्वास रोखला, पापण्या आवळल्या किंवा शर्टाची कॉलर गळ्याला घट्ट बसली, तरी तेच. त्या अमेरिकन अभ्यासात तर एक जण भिंगातून पाहत चकती फिरवी आणि आकडा दुसराच वाचे, म्हणजे अपेक्षेप्रमाणे आकडा जुळवण्याचा मोह राहू नये. ही शिस्त रोजच्या ओपीडीत पाळणं अवघड, पण तिच्यामागचा विचार प्रत्येक दवाखान्यात लागू पडतो. शरीराची स्थितीही फरक पाडते: चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने ७५ योगाभ्यासींचे डोळे तपासले तेव्हा शीर्षासनात दाब जवळजवळ दुप्पट होतो असं २००६ मध्ये दिसलं. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन टाळावं, हा सल्ला अशा मोजमापांतूनच आला.

आणि वेळ? दाब दिवसभर सारखा नसतो. झोपेत, आडवं पडल्यावर तो चढतो, आणि त्या वेळी दवाखाना बंद असतो. म्हणून जर्मनीत डोळ्याच्या आतच बसणारा संवेदक तयार झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम भिंगासोबत एक बारीक कडी आत बसवायची आणि डोळ्यासमोर यंत्र धरून हवा तेव्हा दाब वाचायचा. २०१७ मध्ये युरोपात त्याला परवानगी मिळाली. पारपटलाची जाडी, अश्रू, डॉक्टरचा हात, हे सगळं या मोजणीतून गळून पडतं. तरी तो संवेदक बरोबर मोजतो की नाही हे तपासायला त्याचे आकडे गोल्डमान यांच्याच टोनोमीटरशी ताडून पाहिले गेले. सरासरीने संवेदकाचे आकडे थोडे जास्त भरले. त्यातला फरक कोणाच्या पदरात टाकायचा, आतल्या कडीच्या की बाहेरच्या लोलकाच्या, यावर नेत्रवैद्यांचं काम अजून चालू आहे.